‘आंद्रेआ दोरिया’वर उतरायचे असेल तर : खोल आणि ढासळत्या जहाजावरील डायव्हिंगची पूर्वतयारी

इटलीचे ‘आंद्रेआ दोरिया’ हे प्रवासी जहाज २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाच्या दक्षिणेला, धुक्यात, ‘स्टॉकहोम’ या स्वीडिश जहाजाशी धडकले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजून ९ मिनिटांनी बुडाले. दोन्ही जहाजांवर मिळून ५१ जणांचा मृत्यू झाला. परंतु धडकेनंतर जहाज जवळजवळ अकरा तास तरंगत राहिले आणि ‘इल द फ्रान्स’सारखी जहाजे वेळेवर मदतीला पोहोचली, म्हणून सोळाशेहून अधिक माणसे वाचली. जहाज बुडाल्याच्या दुसऱ्याच दिवशी पीटर गिंबेल आणि जोसेफ फॉक्स हे दोन पाणबुडे त्यावर उतरले आणि तेव्हापासून आजपर्यंत जगभरचे अनुभवी पाणबुडे या जहाजाकडे ओढले जात आहेत. डायव्हिंगमधील एव्हरेस्ट असे त्याला म्हटले जाते. येथे आतापर्यंत पंधराहून अधिक पाणबुड्यांनी प्राण गमावले असून १९९८ आणि १९९९ या दोन उन्हाळ्यांतच किमान पाच जण दगावले, हेही त्याबरोबरच लक्षात ठेवावे.

मालवणात किंवा गोव्यात पाण्याखालचे जग पाहून झाल्यावर ‘आपणही कधीतरी असे खोल, बुडालेले जहाज पाहावे’ असे ज्यांच्या मनात येते, आणि नोकरी-शिक्षणानिमित्त अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या ज्या मराठी मंडळींना ही संधी हाताशी असल्यासारखी वाटते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. लेख वाचून कोणी दोरियावर उतरू शकणार नाही. मात्र तेथवर पोहोचण्याचा मार्ग किती लांब आहे, त्यात कोणत्या पायऱ्या आहेत आणि कोणती पायरी गाळता येत नाही, हे त्यातून समजावे.

प्रथम जहाज समजून घ्यावे

कोणत्याही बुडालेल्या जहाजावर जाण्यापूर्वी ते कोणत्या स्थितीत पडले आहे, हे पाहणे आवश्यक असते. दोरियाच्या उजव्या बाजूला भगदाड पडले, ते उजवीकडे कलत गेले आणि शेवटी उजव्या कुशीवरच तळाशी विसावले. तेथे समुद्राची खोली ७३ ते ७५ मीटर आहे. जहाजाची लांबी २१३ मीटर आणि रुंदी सुमारे २७ मीटर. म्हणजे ते कुशीवर आडवे पडल्यावर वर आलेली डावी बाजू आरंभी ५० मीटरच्या आसपास भेटत असे. जुनी वर्णने वाचणाऱ्यांच्या डोक्यात हाच आकडा बसलेला असतो आणि तेथूनच पहिली चूक होते, कारण ती डावी बाजू आता त्या उंचीवर राहिलेली नाही. ती खचली आहे, काही ठिकाणी आत कोसळली आहे आणि पूर्वी ज्या खोलीवर पाय टेकत, तेथे आता नुसते पाणी आहे.

हे का घडते, ते नीट समजून घेतले पाहिजे. जहाजाचा सांगाडा ते उभे तरंगत असताना येणारा भार पेलण्यासाठी बांधलेला असतो. तेच जहाज कुशीवर पडले की मजल्यांच्या तक्तपोशी भिंतींसारख्या उभ्या राहतात, बाजूचा पत्रा छप्पर होतो आणि त्या पत्र्यामागच्या उभ्या फासळ्यांना आडव्या तुळयांचे काम करावे लागते, ज्यासाठी त्या कधीच घडवलेल्या नव्हत्या. खाऱ्या पाण्यात लोखंड वर्षानुवर्षे गंजत जाते, फासळ्या पातळ होतात आणि एखाद्या वादळी हिवाळ्यानंतर छपराचा मोठा भाग एकदम खाली बसतो. वरच्या मजल्यांचे बांधकाम तर आधार काढलेल्या सज्जासारखे बाजूला लोंबकळत होते. ते फार पूर्वीच तुटून वाळूवर घसरले. आतील लाकडी आडभिंती समुद्री किड्यांनी खाल्ल्या. त्यांच्यामागे लपलेल्या विजेच्या तारा मात्र शिल्लक राहिल्या आणि आता त्या वडाच्या पारंब्यांसारख्या लोंबतात. बाहेरच्या बाजूला मच्छीमार ट्रॉलरांची अडकून तुटलेली जाळी आणि पाण्यात जवळजवळ अदृश्य असणारी नायलॉनची दोरी आहे, कारण बुडालेल्या जहाजाभोवती मासे जमतात आणि माशांमागे जाळी येतात.

म्हणून जहाजाचे मूळ नकाशे अवश्य अभ्यासावेत, परंतु त्यांच्यावर विसंबू नये. गिंबेल यांच्या १९८१ च्या मोहिमेने प्रथम वर्गाच्या दालनाकडे जाणारा मार्ग उघडून तेथून तिजोरी बाहेर काढली. १९८४ मध्ये ती दूरचित्रवाणीवर उघडण्यात आली. तो मार्ग पुढे ‘गिंबेलचे भोक’ म्हणून प्रसिद्ध झाला आणि अनेकांनी त्यातून आत प्रवेश केला. त्या काळची प्रवेशाची वर्णने आज इतिहास म्हणून वाचावीत, वाटाड्या म्हणून नव्हे. आपल्या आधीच्या मोसमात उतरलेल्या पाणबुड्याने काढलेले साधे, हाताने काढलेले रेखाचित्र सत्तर वर्षांपूर्वीच्या सुबक नकाशापेक्षा अधिक उपयोगाचे असते.

कोकणापासून थंड पाण्यापर्यंत

मालवण-तारकर्लीला पर्यटकांना जी ‘स्कुबा’ करवली जाते, ती प्रशिक्षण नव्हे. प्रशिक्षक मागून सिलिंडर धरून ठेवतो, आपण माशांकडे पाहतो आणि छायाचित्र काढले जाते. सुरुवात करायची तर रीतसर अभ्यासक्रम करावा. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची डायव्हिंग संस्था आहे आणि गोव्यातही प्रशिक्षण मिळते. पहिल्या प्रमाणपत्राने १८ मीटरपर्यंत, पुढच्याने ३० मीटरपर्यंत जाता येते आणि हौशी डायव्हिंगची मर्यादा ४० मीटरवर संपते. गोव्यातील ग्रँड बेटाजवळच्या उथळ पाण्यात बुडालेले जहाज पाहून पाण्याखालच्या लोखंडाची ओळख तेवढी होते. दोरिया तेथून फार दूर आहे आणि ते अंतर केवळ मीटरमध्ये मोजण्यासारखे नाही.

कोकणातले पाणी उबदार असते. उत्तर अटलांटिकमध्ये उन्हाळ्यातही पृष्ठभागाखाली काही मीटर गेल्यावर तापमान एकदम उतरते आणि दोरियाच्या तळाशी ते दहा अंश सेल्सिअसच्याही खाली असते. पाणी हिरवट, दृश्यता कधी बरी तर कधी हाताच्या अंतरापुरती. कोरडा सूट (पाणी आत न शिरू देणारा, आत हवा भरलेला पोशाख) घालून, जाड हातमोज्यांनिशी, अंधारात झडप बंद करणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि त्याचा सराव उथळ पाण्यात, कंटाळा येईपर्यंत करावा लागतो. न्यू जर्सीला आल्यानंतरच्या पहिल्या वर्षी मी बारा मीटरवर सूटमधील हवा वेळेवर सोडू न शकल्यामुळे उलटा होऊन वर फेकला गेलो. बारा मीटर होते, म्हणून ती केवळ फजिती ठरली.

या भागाचे एक भाग्य असे की चढत्या क्रमाने सराव करता येईल, अशी जहाजे तेथेच पडलेली आहेत. न्यू यॉर्कच्या फायर आयलंडजवळ ‘सॅन डिएगो’ ही अमेरिकी युद्धनौका १९ जुलै १९१८ रोजी बुडाली. ती सुमारे ३३ मीटरवर पूर्ण उलटी पडलेली आहे. उलट्या जहाजात छत आणि जमीन यांचा मेंदू कसा घोळ घालतो, हे तेथे बाहेरून पाहतानाच लक्षात येते. ती अमेरिकी नौदलाची मालमत्ता असून तिच्यावर बळी गेलेल्यांच्या स्मृतीमुळे संरक्षित आहे. तेथील वस्तूला हात लावू नये. त्यानंतर न्यू जर्सीजवळची ‘स्टोल्ट दगाली’ पाहावी. हे नॉर्वेजियन तेलवाहू जहाज नोव्हेंबर १९६४ मध्ये ‘शालोम’ या प्रवासी जहाजाच्या धडकेने दुभंगले. त्याची पिछाडी सुमारे ४० मीटर पाण्यात उजव्या कुशीवर पडली आहे. म्हणजे दोरियासारखीच धडक आणि दोरियासारखीच कूस, पण खोली निम्मी. दोरियाची रंगीत तालीम म्हणून याहून योग्य जागा माझ्या पाहण्यात नाही. १८८६ मध्ये बुडालेले ‘ओरेगॉन’ हे जहाजही फायर आयलंडच्या बाजूला साधारण तेवढ्याच खोलीवर आहे. शतकभरानंतर जहाजाचे काय उरते, हे ते दाखवते. बॉयलर, इंजिन आणि इतस्ततः पसरलेले पत्रे. दोरियाही त्याच दिशेने चालले आहे.

वायूचे गणित

खोल डायव्हिंगमधील बहुतेक निर्णय पाण्यात उतरण्यापूर्वी, वहीवर घेतले जातात. पृष्ठभागावर हवेचाच सुमारे एक बार (दाबाचे एकक) दाब असतो आणि पाण्यात दर दहा मीटरमागे सुमारे एक बार दाब वाढतो. म्हणून ७३ मीटरवर एकूण दाब ८.३ बार होतो. साध्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. त्याचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातील त्याचा वाटा, तेथे १.७४ बार भरतो. १.६ बार ही सर्वमान्य वरची मर्यादा असून काम करत असताना १.४ च्या आतच राहावे असे शिकवले जाते. मर्यादा ओलांडली तर कोणत्याही पूर्वसूचनेशिवाय झटके येऊ शकतात आणि पाण्याखाली झटका येणे म्हणजे तोंडातून रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो ते उपकरण) सुटणे. दुसरीकडे, नायट्रोजनची धुंदी इतकी चढते की वेळ, दिशा आणि उरलेला वायू यांचे भान सुटते. पूर्वी दोरियावर साध्या हवेवर उतरणारे लोक होते; त्यांपैकी जे परत आले, त्यांचे कौतुक करावे, अनुकरण करू नये.

म्हणून हेलियम मिसळलेला ट्रायमिक्स वापरतात. १५ टक्के ऑक्सिजन आणि ५५ टक्के हेलियम घेतले, तर ७३ मीटरवर ऑक्सिजनचा आंशिक दाब सुमारे १.२५ बार राहतो आणि धुंदी साधारण २७ मीटरवर हवा घेतल्याएवढीच जाणवते. परंतु वायूची घनताही पाहावी लागते, कारण दाट वायू फुप्फुसांतून ओढणे जड जाते, कार्बन डायऑक्साइड शरीरात साचतो आणि घबराट वाढते. वरील मिश्रणाची घनता त्या खोलीवर दर लिटरला सुमारे ५.७ ग्रॅम येते, तर शिफारस केलेली मर्यादा ५.२ ग्रॅम आहे. हेलियम ६५ टक्के आणि ऑक्सिजन १२ टक्के ठेवल्यास ती ४.८ वर येते. हेलियम महाग आहे, याबद्दल वाद नाही. पण मी काटकसर बोटीवरच्या जेवणात करतो. याच मिश्रणाचा दुसरा धोका असा की १२ टक्के ऑक्सिजन पृष्ठभागावर श्वासासाठी अपुरा आहे आणि तो ओढत बोटीवरून उडी मारणारा माणूस खोल जाण्यापूर्वीच बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून सुरुवातीचे अंतर दुसऱ्या, अधिक ऑक्सिजनच्या वायूवर उतरून मग बदल करतात आणि प्रत्येक सिलिंडरवर त्यातील वायूची कमाल खोली ठळक अक्षरांत लिहिलेली असते.

आता साठ्याचा हिशेब करू. शांत पोहणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर वायू घेतो असे धरले, तर ७३ मीटरवर तोच १६६ लिटर घेतो. १२ लिटरची जोड सिलिंडरे २०० बारपर्यंत भरली, तर ४८०० लिटर साठा मिळतो. नवख्याला वाटते, अर्धा तास सहज झाला. परंतु साथीदाराचा वायू अचानक संपला तर काय, हा प्रश्न विचारून पाहावा. घाबरलेले दोघे प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर घेत असतील, एक मिनिट खालीच गोंधळ निस्तरण्यात गेले आणि मग मिनिटाला ९ मीटर वेगाने, ज्या २१ मीटरवर पुढचा वायू घेता येतो तेथवर दोघे वर आले, तर या प्रवासाला सुमारे २५०० लिटर लागतात. म्हणजे निम्म्याहून अधिक साठ्याला हात लावायचाच नाही, आणि उरलेल्या २३०० लिटरमध्ये उतरणे धरून जेमतेम चौदा मिनिटे मिळतात. हा हिशेब स्वतःच्या श्वासाच्या, प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांनी करावा. याच कारणामुळे येथे मोठी सिलिंडरे किंवा, आता बहुधा, रीब्रीदर वापरले जातात. रीब्रीदर सोडलेला श्वास स्वच्छ करून पुन्हा वापरतो. पण तो बंद पडला तर साध्या सिलिंडरांवर वर येण्याइतका राखीव वायू बरोबर हवाच, म्हणून हे गणित त्याने संपत नाही, फक्त सरकते.

तळाशी वीस मिनिटे घालवली, तर शरीरात विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून वर येताना टप्प्याटप्प्याने थांबण्यात तासाहून अधिक वेळ जातो. २१ मीटरपासून ५० टक्के ऑक्सिजनचा आणि ६ मीटरपासून शुद्ध ऑक्सिजनचा वापर केला जातो. या वेळेत डोक्यावर जणू छप्पर असते; काहीही झाले तरी थेट वर जाता येत नाही. हे मनाने स्वीकारता येत नसेल, तर येथेच थांबणे श्रेयस्कर.

या सर्वांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत : आधी टप्प्यांच्या थांब्यांचे प्रशिक्षण, मग ६० मीटरपर्यंतचा ट्रायमिक्स, मग त्यापुढचा. एका प्रमाणपत्रानंतर लगेच दुसऱ्याकडे धावू नये. मिळालेल्या खोलीवर निदान एक संपूर्ण मोसम घालवावा.

बोट, हवामान आणि प्रतीक्षा

मोसम साधारणपणे जूनअखेरीपासून ऑगस्टपर्यंतचा. न्यू यॉर्क राज्यातील मॉन्टॉक बंदरातून रात्रभर प्रवास करून बोट सकाळी जहाजावर पोहोचते. जागा आरक्षित केली, पैसे भरले, तरी वारा आणि लाटा पाहून फेरी रद्द होणे नित्याचे आहे. माझ्या पहिल्या दोन फेऱ्या अशाच गेल्या. कोकणातला तांडेल आभाळाकडे पाहून होडी लोटायची नाही म्हणतो, तेव्हा कोणी त्याच्याशी वाद घालत नाही. तोच नियम येथे पाळावा. बोट निवडताना भाडे कमी-अधिक पाहण्यापेक्षा तिच्यावर ऑक्सिजनचा पुरेसा साठा आहे का, बेशुद्ध माणसाला पाण्यातून वर कसे घेतात आणि कर्णधार याआधी येथे किती वेळा आला आहे, हे विचारावे. किनारा दूर आहे. तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर यायला वेळ लागतो.

बोट पोहोचल्यावर खलाशी-पाणबुडे आधी उतरून नांगराचा दोर जहाजाच्या मजबूत भागाला बांधतात. हा दोर म्हणजे आपला जिना. भरती-ओहोटीचे प्रवाह येथे जोरदार असतात आणि दिशा बदलतात. दोर धरून उतरताना माणूस काठीला बांधलेल्या निशाणासारखा आडवा होतो. दम लागू लागला, तर उतरणे थांबवावे. दमलेल्या अवस्थेत तळाशी पोहोचणे हे वर सांगितलेल्या कार्बन डायऑक्साइडला आमंत्रण आहे.

जहाजावर

दोर जेथे बांधला आहे, तेथे लुकलुकणारा दिवा लावावा, मागे वळून ती जागा परतीच्या दिशेने कशी दिसते हे पाहावे आणि मगच हलावे. जहाज इतके मोठे आहे की नाळेकडून पिछाडीकडे जाण्याचा विचारही पहिल्या फेरीत करू नये. दोराभोवतीची वीस-तीस मीटर जागा पुरेशी आहे. पायांची हालचाल बेडकासारखी, गुडघे वाकवून ठेवावी, म्हणजे तळाचा गाळ उडत नाही. दोन्ही हातांना पोहोचेल अशा ठिकाणी कात्री आणि सुरी असावी. जाळ्यात अडकल्यावर गोल फिरून पाहण्याची ऊर्मी होते आणि त्यामुळेच गुंता वाढतो. थांबावे, थोडे मागे सरकावे आणि साथीदाराला दिव्याने खूण करावी.

आत जाण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे : नवख्याने जाऊ नये. सोडलेल्या बुडबुड्यांनी छताचा गंज सुटतो आणि काही सेकंदांत दिव्याचा उजेडही दिसेनासा होतो. कुशीवर पडलेल्या जहाजात दरवाजे पायांखाली विहिरीसारखे उघडतात, जिने आडवे झालेले असतात आणि ज्या पत्र्याला धरून आपण आत आलो, तो परतताना तेथे असेलच असे नाही. आत जाण्यासाठी मार्गदोर, तीन दिवे आणि वेगळे प्रशिक्षण लागते. परंतु मार्गदोर कोसळणारे छप्पर रोखत नाही. अनेकांचा लोभ चिनी मातीच्या भांड्यांमुळे जागा होतो. जहाजाच्या मालक ‘इटालिया’ कंपनीची मुद्रा असलेले कप-बशा या जहाजातून पुष्कळ निघाले, १९९३ मध्ये इटालियन कलाकार गाम्बोने यांची भित्तिशिल्पेही वर आणली गेली आणि त्याच वर्षी अमेरिकी न्यायालयाने जहाजावरील वस्तू काढण्याचा हक्क पाणबुडे जॉन मोयर यांना दिला. बशी पिशवीत भरताना वेळ आणि वायू यांचे भान सुटते, एवढे ध्यानात घेतले तरी बशीची किंमत कळते.

परत येताना

ठरवलेल्या वेळेला, काहीही अपुरे राहिले तरी, दोराकडे निघावे. दोर सापडला नाही तर शोधत बसू नये. या किनाऱ्यावर प्रत्येक पाणबुडा घायपाताच्या दोराचे रीळ बरोबर नेतो. त्याचे एक टोक जहाजाला बांधायचे, दुसरे फुगवलेल्या पिशवीने वर पाठवायचे आणि त्या दोराने वर यायचे. त्यामुळे माणूस प्रवाहाबरोबर वाहून जात नाही आणि बोटीला त्याची जागा कळते. घायपातच का, तर तो नंतर कुजून जातो आणि पुढच्या माणसाच्या पायात अडकत नाही.

थांब्यांच्या काळात थंडी हाच मुख्य शत्रू असतो. दोराला छोटी दोरी अडकवून तिला धरावे, म्हणजे लाटांचे हिसके हातांना बसत नाहीत. निळे शार्क कुतूहलाने जवळ येतात. बहुधा ते पाहून निघून जातात. प्रत्येक वायू बदलताना सिलिंडरवरील आकडा साथीदाराला दाखवावा आणि त्याने मान डोलावल्यावरच रेग्युलेटर तोंडात घ्यावा.

बोटीवर आल्यावर लगेच जड सिलिंडरे उचलू नयेत. सांधा दुखणे, त्वचेवर चट्टे, विलक्षण थकवा यांपैकी काहीही जाणवल्यास ‘असेल काहीतरी’ म्हणून लपवू नये. तत्काळ सांगून ऑक्सिजन घ्यावा. त्यानंतर, अंग गरम झाले की, वही काढावी आणि तारीख, दोर बांधलेली जागा, भेटलेली खोली, नव्याने पडलेले पत्रे आणि जाळी यांचे रेखाचित्र त्याच दिवशी काढावे. त्याची एक प्रत बोटीवर ठेवावी, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी उतरणारी जोडी तीच पाहून दोरापासून कोणत्या बाजूला जायचे ते ठरवणार असते.